भंगारातली बेचाळीस विमानं

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा कानपूरच्या चकेरी विमानतळावर इंग्रजांची शंभराच्या आसपास बॉम्बफेकी विमानं उभी होती. नाव लिबरेटर. चार इंजिनं, आणि पंखांचं माप या टोकापासून त्या टोकापर्यंत ११० फूट. ही विमानं त्यांना परत न्यायची नव्हती, अन् इथं कुणाच्या कामी येऊ द्यायचीही नव्हती. म्हणून जाण्याआधी त्यांनी ती मुद्दाम फोडली. इंजिनांत वाळू ओतली. पत्र्यावर बुलडोझर घातले. आतल्या घड्याळं-काट्यांवर कुदळी चालवल्या. मग तो सगळा ढीग तिथंच टाकून मंडळी निघून गेली.

त्या ढिगातून आपल्या मेकॅनिक लोकांनी ४२ विमानं पुन्हा उडवली. एकदोन दिवस हौसेपुरती नाही, वीस वर्षं!

ही गोष्ट मला फार उशिरा कळली. शाळेच्या पुस्तकात ती नव्हती आणि पत्रकारितेच्या वर्गातही कुणी सांगितली नाही. गेले काही दिवस डोक्यात तीच आहे. म्हणून आज पोस्ट लांबलचक झाली आहे. चहा घेऊन बसा.

आधी एक खुलासा. वणी म्हटलं की बाहेरच्या माणसाला सप्तशृंगीची, नाशिककडची वणी आठवते. आमची ती नव्हे, आमची यवतमाळ जिल्ह्यातली, कोळशाची. एरवी हा गैरसमज मी तावातावानं दुरुस्त करतो. विमानांचा विषय निघाला की मात्र त्या वणीचा थोडा हेवा वाटतो, कारण ओझरचा विमान कारखाना तिच्या जवळ. आमच्याकडं विमान दिसतं ते नागपूरला उतरताना, तेही ढग नसले तर. पण भंगार? भंगारातलं आम्हाला कळतं. उकणी, निलजई, कोलारपिंपरी, घोन्सा, कुठल्याही खाणीच्या बाजूनं जा, कामातून गेलेली अवजड यंत्रं नजरेस पडतात.

आता इंग्रजांनी ती फोडली का? दुष्टपणा म्हणून हात झटकता येईल, पण कारण हिशेबाचं होतं. विमानं मूळ अमेरिकेची. युद्धात अमेरिकेनं दोस्त राष्ट्रांना ‘लेंड-लीज’ नावाच्या व्यवस्थेखाली शस्त्रं दिली होती. वापरा, युद्ध संपलं की उरलेलं परत करा, ठेवायचं असेल तर पैसे मोजा, नाहीतर नष्ट करा. शांततेच्या काळात एवढी बॉम्बफेकी विमानं परत नेऊन अमेरिका तरी काय करणार होती? तिच्या कारखान्यांनी या एकाच जातीची १८ हजारांवर विमानं बनवली होती. तिथंही ती रांगेनं वितळवत होते. म्हणजे कानपूरला जे झालं ते जगभर चाललं होतं. फरक पुढं पडला. इतर ठिकाणी मोडलेल्या विमानांची भांडी झाली, आपल्याकडं त्यांची विमानं झाली.

१९४८ साली देश नवा, फाळणी ताजी, काश्मीरमध्ये लढाई सुरू. वायुदलाकडं लढाऊ विमानं होती, डाकोटा होती, पण लांब पल्ल्याचं, जड बॉम्ब वाहून नेणारं एकही विमान नव्हतं. नवं घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा लक्ष गेलं कानपूरच्या ढिगाकडं, आणि काम आलं बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टकडं. आजचं एचएएल ते हेच.

इथं थोडं थांबतो, कारण हा कारखाना उभा करणारा माणूस सोलापूरचा. वालचंद हिराचंद. त्यांनी २३ डिसेंबर १९४० ला म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं हा कारखाना काढला. विमानातला तेव्हाचा त्यांचा अनुभव म्हणजे प्रवासी म्हणून बसण्याचा. विल्यम पॉली नावाचा एक अमेरिकन उद्योजक त्यांना अशाच एका विमान प्रवासात भेटला, बोलता बोलता कारखान्याचा विषय निघाला, आणि पुढं त्याच माणसाला त्यांनी सोबत घेतलं. सुरुवातीच्याच काळात आणखी एक मराठी माणूस तिथं रुजू झाला. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे, जर्मनीत गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले. भारतीय बनावटीचं एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान पुढं त्यांच्याच नेतृत्वाखाली तयार झालं.

पण लिबरेटरच्या गोष्टीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो युद्धाचा काळ. जपान ब्रह्मदेशापर्यंत आल्यावर १९४२ मध्ये सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या ताब्यात गेला आणि मोठा दुरुस्ती डेपो झाला. आघाडीवरून आलेली विमानं तिथं उघडायची, धुवायची, जोडायची आणि परत पाठवायची. डाकोटा यायची, पाण्यावर उतरणारी कॅटालिना यायची. आता गंमत बघा. डाकोटाला जे इंजिन, तेच कॅटालिनाला, आणि त्याच घराण्यातलं लिबरेटरला. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचं ट्विन वास्प, १४ सिलिंडर, साधारण १२०० अश्वशक्ती. आपल्या पोरांनी युद्धाची वर्षं हेच इंजिन खोलण्यात आणि बसवण्यात घालवली होती. कानपूरच्या ढिगासमोर उभे राहिले तेव्हा ती फुटकी विमानं त्यांना परकी नव्हती. पत्रा चेपलेला होता, पण आतला जीव ओळखीचा होता.

मी हे खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका शेजारी काकांना सांगितलं. त्यांना काही आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, “त्यात काय बाप्पा, चार डंपर बंद पडले की त्यातून दोन चालू करतोच ना आपण. याचं त्याला, त्याचं याला.” तेच तंत्र. एका विमानाचं शेपूट धड, दुसऱ्याचा पंख धड, तिसऱ्याचं चाक धड. ज्याचं नुकसान कमी त्याला उभं करायचं आणि जे पार गेलं ते सुट्या भागांसाठी ओरबाडायचं. चेपलेला पत्रा काढायचा, नवा रिव्हेट मारून बसवायचा. वाळू गेलेलं इंजिन पूर्ण खोलायचं. बॉम्ब टाकायची दारं तर या विमानाला दुकानाच्या शटरसारखी, गुंडाळून वर जाणारी. ती एकदा वाकली की सरळ करणं म्हणजे काय ताप असतो, ते मेन लाइनवरच्या कुठल्याही दुकानदाराला विचारा.

डंपर आणि विमानात एक फरक मात्र काकांनीही मान्य केला. डंपर रस्त्यात बंद पडला तर ड्रायव्हर उतरून बिडी पेटवतो.

कानपूरला विमानं जेमतेम उडण्याइतपत करायची आणि पुढचं सगळं काम बंगळूरला, असं ठरलं. मधलं अंतर दीड हजार किलोमीटरच्या पुढं. न्यायची कशी? उडवत. कोण उडवणार? एचएएलचे चाचणी वैमानिक जमशेद ऊर्फ जिमी मुन्शी. यांनी त्याआधी लिबरेटर कधीच चालवलं नव्हतं. शिकवायला कुणी नव्हतं. माहितीपुस्तिका वाचली, धावपट्टीवर विमान इकडून तिकडं पळवून अंदाज घेतला आणि हवेत घेतलं. ज्याच्या इंजिनात कधी काळी वाळू ओतली होती, असं चार इंजिनांचं धूड. आणि हे एकदा नाही. खेपांमागून खेपा. १९५१ मध्ये घाटग्यांचं एचटी-२ पहिल्यांदा हवेत गेलं तेव्हा चालवणारे हेच मुन्शी. आपल्याकडं क्रिकेटच्या राखीव खेळाडूचं नाव शेंबड्या पोराला माहीत असतं, मुन्शींचं नाव किती जणांना माहीत आहे?

नोव्हेंबर १९४८ मध्ये पहिली सहा विमानं तयार होती. २ नोव्हेंबरला वायुदलाची ५ नंबरची स्क्वाड्रन उभी राहिली, भारताची पहिली जड बॉम्बफेकी तुकडी. काम चालूच राहिलं आणि आकडा ४२ वर गेला. १९५१ मध्ये पुण्याच्या लोहगावला ६ नंबरची स्क्वाड्रन याच विमानांवर नव्यानं उभी झाली. तिचं काम समुद्रावर नजर ठेवायचं. म्हणजे इंग्रजांनी कानपूरला मोडून टाकलेलं विमान पुण्याहून उडून अरबी समुद्राची राखण करत होतं. पाच नंबरला १९५७ मध्ये कॅनबेरा जेट मिळाली, पण सहावाल्यांनी लिबरेटर १९६८ पर्यंत ओढलं. तोवर जगातल्या बाकी सैन्यांनी ते केव्हाच सोडलं होतं. माणूस चंद्रावर उतरायला एक वर्ष उरलं होतं आणि आपण १९४४-४५ सालचं, एकदा मरून उठलेलं विमान रोजच्या कामाला वापरत होतो.

कुणी म्हणेल, ही गरिबी होती. होती ना. पण गरिबीतून रडगाणंही निघतं आणि विमानही निघतं.

आता गोष्टीचा दुसरा भाग, तो मला जास्त टोचतो.

विमानं निवृत्त झाली आणि जगाला जाग आली. जिथं हजारोंनी बनली तिथं धड उरली नव्हती, ती भारतात उडत्या अवस्थेत होती. एक कॅनडाला गेलं, आज ते ओटावाच्या संग्रहालयात आहे. एक १९६९ मध्ये थेट उडत अमेरिकेत ॲरिझोनाला गेलं, ते पिमाच्या संग्रहालयात. एक १९७४ मध्ये उडत ब्रिटनला गेलं, त्यांच्या हवाई दलाच्या संग्रहालयासाठी. एक अमेरिकेतल्या संग्राहकानं १९७३ मध्ये घेतलं, ते पुढं फ्लोरिडात पोचलं. आणि एक उघड्यावर सडत पडलेलं विमान १९८१ मध्ये डग अर्नोल्ड नावाच्या ब्रिटिश संग्राहकानं विकत घेतलं, सुटं केलं, मालवाहू विमानात घातलं आणि इंग्लंडला नेलं. तिथून ते अमेरिकेच्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडं गेलं. त्यांना आधी ते नुसतं उभं करायचं होतं, पण जुन्या वैमानिकांनी हट्ट धरला की उडवा. वर्षानुवर्षं काम चाललं आणि १९८९ मध्ये ते पुन्हा हवेत गेलं. पुढची तीस वर्षं अमेरिकेच्या गावोगावी लोकांनी तिकीट काढून ते पाहिलं, त्यात बसून फेरी मारली.

जगभरात आज पूर्ण अवस्थेतली लिबरेटर डझनभराच्या आसपास उरली आहेत. त्यातली सहा कानपूरच्या त्या ढिगातून उठून आपल्या वायुदलात राहिलेली. निम्मी म्हणा. त्या सहापैकी भारतात किती? एक. दिल्लीत पालमच्या वायुदल संग्रहालयात.

कमेंटमध्ये कुणी ‘लुटून नेलं’ लिहायच्या आधीच सांगतो, लुटलं नाही. दिलं किंवा विकलं. कॅनडाच्या बदल्यात तर आपल्याला लायसँडर मिळालं, जे चालवत आपल्या वायुदलानं महायुद्धातल्या पहिल्या मोहिमा केल्या. तेही पालमलाच आहे, आणि सौदा वाईट नव्हता. गेलेली राहिली. बाकी तिसांवर विमानांचं काय झालं असेल, ते सांगायला जाणकार नको. किलोचा भाव ठरला असेल. तेव्हा परदेशी लोकांनी नेली म्हणून आज सहा तरी आहेत, हे मान्य करायला लागतं. कबूल करायला जड जातं, पण खरं आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. जुनं विमान दुरुस्त करणारा ठरवतो की त्याला कुठला रंग द्यायचा, म्हणजे त्याच्या आयुष्यातली कुठली वर्षं दाखवायची. कॉलिंग्जवाल्यांनी त्यांच्या विमानाला अमेरिकन रंग दिला, अमेरिकन तुकडीचं नाव दिलं, नाकावर ‘विचक्राफ्ट’ लिहिलं. पिमाचंही अमेरिकन रंगात. ब्रिटनचं ब्रिटिश रंगात, कॅनडाचं कॅनडाच्या. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे, त्यांची माणसं अशा विमानांत बसून मेली. पण प्रत्यक्षात या विमानांनी सगळ्यात जास्त वर्षं सेवा केली ती भारतीय वायुदलात, चक्राच्या तिरंगी खुणेखाली. ती वीस वर्षं तिथल्या पाटीवर एकदोन ओळींत संपतात. आणि ज्या फिटर, रिव्हेटर, पत्रेवाल्यांनी वाळू काढून ही इंजिनं फिरवली, त्यांचं नाव कुठल्याच पाटीवर नाही. मुन्शींचं नाव निदान पुस्तकांत सापडतं. बाकीचे गेले.

म्हणून जुनी विमानं वाचवायचा विषय निघाला की मला पत्र्यापेक्षा कागदाची चिंता जास्त वाटते. पत्रा परत ठोकता येतो. बिकानेरचं उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी भारताला शंभर विमानं भेट दिली होती, त्यातली काही महाराजा गंगासिंगांकडं गेली. डीएच-९ जातीची, लाकडी सांगाड्याची. पुढं ती जुनागढ किल्ल्यातल्या हत्तीखान्यात पडली आणि उधईनं लाकूड खाल्लं. उरले ते धातूचे तुकडे. गाय ब्लॅक नावाच्या ब्रिटिश कारागिरानं ते नेले, लाकूड नव्यानं घडवलं, आणि दोन विमानं उभी केली. त्यातलं एक डक्सफर्डच्या संग्रहालयात आहे, दुसरं २०१९ मध्ये उडालंसुद्धा. आता यातलं किती जुनं, किती नवं? वाद घालावा तेवढा थोडा. पण त्या विमानाचा प्रवास माहीत आहे, म्हणून ते बिकानेरचंच राहतं.

आपल्याकडंही अलीकडं हलचाल झाली आहे, ती सांगितली नाही तर अन्याय होईल. आपल्या वायुदलाकडं आज एक उडतं डाकोटा आहे, नाव ‘परशुराम’. १९४४ सालचं हे विमान राजीव चंद्रशेखर यांनी भंगारातून घेतलं, ब्रिटनमध्ये कॉव्हेंट्रीला दुरुस्त करवलं आणि वायुदलाला भेट दिलं. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर डाकोटाचे वैमानिक होते. भेट देऊ केली तेव्हा आधी नकार मिळाला होता, मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाल्यावर होकार आला. यावर पक्षीय मारामारी करायची असेल तर स्वतःच्या भिंतीवर करा. एप्रिल २०१८ मध्ये ते कॉव्हेंट्रीहून टप्प्याटप्प्यानं उडत जामनगरला आलं आणि ४ मे ला हिंडनला वायुदलात दाखल झालं. त्याच्यावर नंबर रंगवला आहे व्हीपी ९०५. म्हणजे २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा. विमान ते नव्हे, नंबर त्याचा. ही बारीक गोष्ट बातम्यांत बऱ्याचदा सुटते, आमच्याच लोकांकडून.

ओडिशानं तर बिजू पटनाईकांच्या कलिंग एअरलाइन्सचं, कोलकाता विमानतळावर कित्येक दशकं धूळ खात पडलेलं डाकोटा २०२३ मध्ये सुटं करून तीन ट्रकांतून भुवनेश्वरला आणलं आणि जोडून विमानतळावर उभं केलं. एका राज्यानं मनावर घेतलं की होतं.

विदर्भाचा डाकोटाशी संबंध काय, असं विचाराल तर म्हाताऱ्या माणसांना विचारा. १९४९ पासून रात्रीच्या टपालाची विमानं मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासहून निघायची आणि मध्यरात्री नागपूरला सोनेगावात एकत्र यायची. पोती बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. ती बरीचशी महायुद्धातून उरलेली डाकोटाच. मुंबईची चिठ्ठी दुसऱ्या दिवशी दिल्लीत, ती आपल्या नागपूरच्या जिवावर. त्यातलं एखादं डाकोटा नागपूरला उभं असायला काय हरकत होती? वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचं, म्हणजे देशभरातली विमानं दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेचं मुख्यालयसुद्धा नागपूरलाच आहे.

स्वतःचंही एक सांगून टाकतो. मी ज्या साप्ताहिकात पहिली बातमी लिहिली तिथं ट्रेडल मशीन होती, पायानं चालणारी. ऑफसेट आल्यावर ती कोपऱ्यात गेली. एक दिवस मी तालुक्याच्या कामाला बाहेर होतो, संध्याकाळी आलो तर कोपरा रिकामा. मशीन किलोनं, शिशाचे खिळे किलोनं. मालकाला दोष देत नाही, घरभाडं थकलं होतं. पण मशीनसोबत जुन्या अंकांची बांधलेली फाइलही रद्दीत गेली, ते मला अजून पचलं नाही. मशीन तशी दुसरीकडं मिळेल. वणीच्या त्या वीस वर्षांच्या बातम्या कुठं मिळतील?

तर माझं काम एवढंच आहे. वणी, मारेगाव, झरी, पांढरकवडा, वरोरा, भद्रावती या भागातल्या कुणाच्या घरी वायुदलात ग्राउंड क्रू म्हणून राहिलेले आजोबा, मामा, काका होते का? बंगळूरच्या कारखान्यात, कानपूरला किंवा पुण्याच्या लोहगावला फिटर होते का? सोनेगावला टपालाच्या पोत्यांवर कुणी काम केलं का? त्यांचं सर्व्हिस बुक, बदलीचा कागद, विमानासमोर उभं राहून काढलेला फोटो पेटीत असेल तर दिवाळीच्या साफसफाईत टाकू नका. मला मेसेज करा. मी घरी येऊन मोबाइलवर फोटो काढून घेईन, मूळ कागद तुमच्याकडंच राहील. फोटोच्या मागं नाव आणि साल लिहिलेलं असेल तर ती मागची बाजूही काढू.